दोनशे बारा पत्रांचं एक पत्र

४ मार्च

चि. ढब्बू यास आत्याचे आशीर्वाद.

पाकिटावर तुझा हुद्दा नीट लिहिला आहे, टपालवाल्याकडून तपासूनही घेतला. आत मात्र तू ढब्बूच. जन्मलास तेव्हा दवाखान्यातल्या तान्ह्या मुलांच्या वजनकाट्यात मावला नाहीस, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं नाव आहे ते. सभागृहात दुसऱ्यांदा निवडून आलास म्हणून काही ते बदलत नाही.

कालच्या पेपरात तिसऱ्या पानावर चार बोटांएवढी बातमी होती. नवं आरोग्य विधेयक येतंय म्हणे. दहापेक्षा कमी खाटा असलेले सगळे दवाखाने नव्वद दिवसांत बंद करायचे आणि पेशंटनी जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात जायचं. सत्तावीस तारखेला सभागृहात मांडणार आणि त्याच दिवशी मंजूर करणार. मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आपल्या दवाखान्यात खाटा सहा आहेत.

मला आडवळणाने बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तू ह्याला विरोध कर. तेवढं जमत नसेल तर उभा राहून इतकं तरी म्हण की थांबा, आधी येऊन बघा, मग कुलूप लावा.

मी बावीस वर्षांची असताना त्या हिरव्या दारातून पहिल्यांदा आत गेले. वाटलं होतं, लगेच हातात सुई देतील. मोठ्या डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘आज फक्त बघायचं, लोक आत कसे येतात ते.’’ दुपारी विचारलं, ‘‘काय दिसलं?’’ मी घाबरत घाबरत सांगितलं, ‘‘ज्यांना जास्त दुखतंय ते दाराशीच थांबतात. बाकीचे आत येऊन आरडाओरडा करतात.’’ ते म्हणाले, ‘‘उद्यापासून कामाला ये.’’ झाली माझी परीक्षा.

तेव्हा सकाळी सातला सुया उकळत ठेवायचो. भांड्यात काचेच्या सिरिंज किणकिणायच्या, वाफ खिडकीवर धरायची आणि रांगेतली मुलं त्या काचेवर बोटाने घोडे काढायची. कंपाउंडर स्वतः खोकत खोकत लोकांना खोकल्याचं औषध द्यायचा. त्याला सगळे खोकलेकाका म्हणायचे, आणि त्याच्या औषधावर कुणाचा विश्वास नव्हता, तरी बाटली सगळे न्यायचे. आता सुया वेष्टनातून येतात, खोकलेकाका गेले, मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तरी मंगळवार-शुक्रवार मी ड्रेसिंगला बसतेच. ते दार बंद झालेलं मला बघायचं नाही.

उत्तर लवकर लिही. सुनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी आत्या

•

८ मार्च
मा. सभासद यांचे कार्यालय

माननीय श्रीमती तुझी आत्या,

आपले दि. ४ मार्चचे पत्र कार्यालयास प्राप्त झाले. मा. सभासदांना नागरिकांच्या मतांविषयी नितांत आदर आहे. प्रस्तावित आरोग्य विधेयकासंबंधी आपण केलेल्या सूचनेची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. आपले सहकार्य असेच लाभावे, ही विनंती.

कळावे,
कार्यालय सचिव

•

११ मार्च

माननीय श्री. माझा भाचा,

अरे गाढवा! ‘माननीय श्रीमती तुझी आत्या’! हे पत्र मी दवाखान्यात बाकावर बसून मोठ्याने वाचलं. शिंपीकाका इतके हसले की त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजावा लागला. मी पण हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. तुझ्या सचिवाला आत्या कळली नाही हे ठीक, पण तू माझं पत्र वाचलंही नाहीस हे त्या एका ओळीवरून कळलं.

असो. एका म्हातारीचं कोण ऐकतो? म्हणून मी गावालाच लिहायला लावलं. मजकूर मी तयार केला, चार वाक्यांचा, स्वच्छ आणि मुद्देसूद. शाळेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बसवलं आणि सावकाश सांगितला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा बाईंनी लिहिला आणि त्यांनी अंगठा उठवला. नळदुरुस्तीवाला दरवेळी ‘विधेयक’वर अडायचा, त्याचा कागद चारदा बदलला. एकाचाही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. केसपेपर लिहावा तसा. दोनशे बारा पत्रं झाली. सुतळीने बांधून आजच्या टपालाने पाठवली आहेत.

आता कर ‘योग्य ती नोंद’.

आत्या

•

१५ मार्च
सभासद निवास, खोली ४१७

ती. आत्यास सा. न.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे, अक्षरावरून ओळखशीलच. शाई सांडली तीही माझीच. सचिवाला मी बोललो. तो बिचारा म्हणतो, रोज दीडशे पत्रं येतात आणि सही खाली असते, म्हणून त्याने खालूनच नाव उचललं. तू मला काय बोलशील ते बोल, मी ऐकून घेतो. मी पत्र वाचलं नव्हतं, हे खरं आहे.

पण आता एक सांगायचंय आणि ते सांगायला जिवावर येतंय. तुझा गठ्ठा मिळाला. आमच्याकडे एक पद्धत आहे. एकसारख्या मजकुराची पत्रं कितीही आली तरी ती एक धरतात. कुणीतरी छापून वाटलेला मजकूर लोक नुसता सही करून पाठवतात, म्हणून हा नियम. तुझ्या दोनशे बारा पत्रांची नोंदवहीत ‘एक’ अशी नोंद झाली आहे. तू इतकं काटेकोर सांगितलंस की एकाचाही शब्द चुकला नाही, आणि तिथेच घात झाला. नळदुरुस्तीवाल्याला चुकू दिलं असतंस तर दोन झाली असती.

विधेयकाचं म्हणशील तर माझं मत तुला पटणार नाही, पण ऐक. तुझ्या पत्रात आहे तो दवाखाना आता कुठे आहे, आत्या? मोठे डॉक्टर जाऊन वीस वर्षं झाली. आता डॉक्टर आठवड्यातून दोनदा येते. क्ष-किरणाचं यंत्र दोन वर्षं बंद आहे. जिल्ह्याच्या इस्पितळात सगळं एका छताखाली आहे. पक्षनेते म्हणतात, सहा खाटांचे नव्वद दवाखाने अर्धवट चालवण्यापेक्षा एक नीट चालवावा. मला त्यात अगदीच चूक दिसत नाही. तू मला आठवणींवर कायदा करायला सांगतेस.

आठवणी मला नाहीत असं मात्र समजू नकोस. सात वर्षांचा असताना दम्याने काढलेला तो हिवाळा. खिडकीशेजारची तीन नंबरची खाट. बाबा शेजारी स्टुलावर बसायचे, आणि पायांचा आवाज होऊ नये म्हणून बूट काढून ठेवायचे. दुपारी मोठे डॉक्टर मलमाच्या डब्यांची झाकणं घेऊन यायचे आणि आम्ही पांढऱ्या चादरीवर त्यांची लढाई लावायचो. मी हरलो की म्हणायचे, ‘‘श्वास सोड, मग खेळी कर.’’ मी भराभर खेळायचो आणि धाप लागायची. बाबांना मी नंतर तितका वेळ कधीच सापडलो नाही, की ते मला सापडले नाहीत, कोण जाणे. त्या खोलीतला पडदा निळा होता ना? की मला उगीच वाटतं?

रागावू नकोस.

तुझा
ढब्बू

•

१८ मार्च

चि. ढब्बू,

पडदा निळाच होता. धुऊन धुऊन शेवटी पांढरा झाला, तेव्हा मी त्याची ड्रेसिंगची फडकी केली.

तुझं पत्र वाचून राग तुझा आला, तसा माझाही आला. दोनशे बारा माणसं मी शाळेच्या बाकांवर कोंबली, गुडघे दुखेपर्यंत बसवली आणि सगळ्यांची मिळून एक केली! आयुष्यभर सगळ्यांचे कागद एका साच्यात लिहिले, त्याचा हा परिणाम. शाळेच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं तर मीसुद्धा शून्यच देते.’’ घ्या!

तू लिहिलंस ते बरंचसं खरं आहे. यंत्र बंद आहे. नवी डॉक्टरीणबाई चांगली आहे, पण मंगळवारी आणि शुक्रवारीच येते, आणि माणसं काही वार बघून आजारी पडत नाहीत. तुमचं मोठं इस्पितळ नको, असं मी कधी म्हटलं? हवंच आहे. पण जिल्ह्याला जायला दोन तास लागतात, आणि नदी फुगली की पूल बंद होतो. हे तुझ्या पक्षनेत्यांना कुठल्या कागदावर दिसणार? मी म्हणते, दोन महिने थांबा, येऊन बघा. नव्वद दवाखान्यांचा निकाल एका दिवसात लावायला आग लागलीय का कुठे?

आणि आठवणींचं म्हणशील, तर बाबा रे, आमच्याकडे पेशंट आला की पहिली विचारपूस तीच असते. आधी काय झालं होतं, कधी झालं होतं, घरात कुणाला होतं. त्याशिवाय डॉक्टर गोळी लिहीत नाही. तुम्ही कायदा लिहिता.

पत्रं पुन्हा लिहिली आहेत. ह्या वेळी मी खोलीच्या बाहेर बसले. सगळ्यांना एकच अट घातली, माझं कौतुक लिहायचं नाही. बाकी ज्याला जे वाटेल ते. आली फक्त एकशे चाळीस. बाकीचे म्हणाले, आम्हाला आमचं लिहिता येत नाही, तुम्ही सांगत होता तेच बरं होतं. टपालाचा भरवसा नाही म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे गठ्ठा दिला आहे. तो तुझ्या दारात आणून देईल. त्याला चहा पाज.

आत्या

•

२१ मार्च
खोली ४१७

ती. आत्या,

ड्रायव्हरला चहा पाजला. तो तासभर बसला आणि त्याने स्वतःच्या पाठदुखीचा सगळा इतिहास मला सांगितला. जाताना म्हणाला, ‘‘मी पण एक लिहिलंय, त्यातच आहे, पण शुद्धलेखनाकडे बघू नका.’’

काल दुपारची बैठक मी टाळली आणि खोलीचं दार लावून पत्रं वाचली. सुताराने लिहिलंय की त्याचं बोट करवतीखाली आलं तेव्हा तो तुटका तुकडा रुमालात घेऊन चालत आला. बोट काही जुळलं नाही, पण तू त्याला इतकी बोलत होतीस की दुखायचं राहून गेलं. (कौतुक नको म्हणाली होतीस, पण हे शिव्यांत बसतं.) पुलावरच्या चौकीदाराने फक्त पूल कोणत्या वर्षी किती दिवस बंद होता त्याची यादी दिली आहे, एकवीस वर्षांची. एका बाईने एवढंच लिहिलंय, ‘मी इथे जन्मले. माझ्या तिन्ही मुली इथे जन्मल्या. पुढचं तुम्ही ठरवा.’ आणि शिंपीकाकांनी, आत्या, बाबांबद्दल लिहिलंय. मी आजारी होतो त्या हिवाळ्यात बाबा रोज त्यांच्या दुकानात येऊन कोपऱ्यात रडायचे आणि तोंड धुऊन दवाखान्यात परत जायचे. मला हे माहीत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला हे एका शिंप्याच्या पत्रातून कळलं. 

पण गठ्ठ्यात सगळ्यात वर जे पत्र होतं ते तू वाचलंस का? की चुकून आलं? तसंच उतरवतो:

‘माझी बायको ह्या दवाखान्यात वाचली नाही. डॉक्टर नव्हता, नर्स होती. नर्सला कळलं नाही. असा दवाखाना असण्यापेक्षा नसलेला बरा. मग माणसं निदान सरळ मोठ्या इस्पितळात जातील. बंद करा. बेकरीवाला.’

तुला हे पत्र काढून टाकता आलं असतं. एकशे चाळिसाचं एकशे एकोणचाळीस कुणाला कळलं असतं?

आता माझंही एक ऐक. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नव्हतं. विधेयकाखाली ते मांडणाऱ्या सभासदांच्या सह्या आहेत आणि तिसरी माझी आहे. जानेवारीत पायऱ्या उतरताना पक्षनेत्यांनी फाइल पुढे केली, मी पेन काढलं. तीनशे शहाऐंशी पानं. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून ती मी परवा पहिल्यांदा बाहेर काढली. तोवर तो गठ्ठा इथे टेबलावर होता आणि मी त्याच्यावर चहाची किटली ठेवत असे. वेष्टनावर किटलीचं वर्तुळ उमटलं आहे. पुलाबद्दल त्यात एक ओळ नाही. रुग्णवाहिकांबद्दल आहे, पण त्या ‘टप्प्याटप्प्याने’ येणार आहेत. बंद मात्र एकदमच.

स्वतःच्या सहीविरुद्ध उभं राहायचं म्हणजे आधी हसं होणार, मग पुढच्या निवडणुकीत उमेदवारी जाणार. पक्षनेते तसं स्पष्ट बोलले आहेत. मी काय करू ते मला खरंच कळत नाही.

ढब्बू

•

२३ मार्च

चि. ढब्बू,

हे पत्रही ड्रायव्हरकडेच देते आहे, उद्या तुला मिळेल.

बेकरीवाल्याचं पत्र चुकून आलेलं नाही. मीच वर ठेवलं. पत्र मागायला मी त्याच्या दुकानात गेले होते. अकरा वर्षांनी त्या दुकानाची पायरी चढले. त्याने पाव गुंडाळायच्या कागदावर उभ्या उभ्या लिहिलं, घडी न घालता माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवली. मी ते रस्त्यातच वाचलं. त्यातली ‘नर्स’ मी आहे.

तुला हे कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. बुधवार होता, सकाळचे दहा. त्याची बायको चालत आली, माझी मैत्रीणच होती ती. पोटाच्या वर दुखतंय म्हणाली, घाम आला होता, ओकारी येतेय म्हणाली. भट्टीच्या धगीत पहाटेपासून उपाशी उभी होती, म्हणून मी पित्त समजले. पित्ताचं औषध दिलं आणि दोन नंबरच्या खाटेवर पडून राहायला सांगितलं. आम्ही गप्पा मारत होतो. अर्धा तास गेला आणि मग तिचा चेहरा बदलला. गाडी बोलावली, ती जिल्ह्याहून यायची होती. गाडी पुलापर्यंत पोचायच्या आतच ती गेली. तेव्हा आपल्याकडे सात महिने डॉक्टरची जागा रिकामी होती. तरी अर्धा तास माझा होता, तो मी रिकाम्या जागेवर ढकलत नाही.

आता तू विचारशील, मग दवाखाना बंद करा म्हणणारा खरा की मी? मला माहीत नाही. सरळ जिल्ह्याला निघाली असती तर वाचली असती का? दोन तास, ढब्बू. मला वाटतं, नसती. इथे डॉक्टर असता तर कदाचित वाचली असती. पण माझं वाटणं म्हणजे पुरावा नाही. म्हणून त्याचं पत्र वर ठेवलं. तुम्ही सगळं ऐकून मग ठरवा, एवढंच मी पहिल्यापासून म्हणते आहे. मलाच नको ते ऐकायचं नसेल तर तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?

सहीचं म्हणतोस. आमच्या रजिस्टरात चुकलेलं खोडायची एक पद्धत आहे. गिरगटायचं नाही, रबर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पानावर माझ्या अक्षरात ‘पित्त’ आहे, त्यावर रेघ आहे, बाजूला ‘हृदयविकार’ आहे आणि माझी सही आहे. त्या दिवशी ती रेघ मारायला मला संध्याकाळ झाली. पण मारली. पुढे आलेल्या प्रत्येक नर्सला मी ते पान उघडून दाखवते.

तू काय करावंस हे मी आता सांगणार नाही. उमेदवारी तुझी, घर तुझं, मुलं तुझी. काहीही केलंस तरी माझा भाचाच आहेस.

जेवत जा वेळेवर.

आत्या

•

२८ मार्च
खोली ४१७

ती. आत्या,

पेपरात आलं असेल, तरी माझ्याकडून ऐक.

काल माझी पाळी तिसरी होती. मला बाजूने बोलायला सहा मिनिटं दिली होती. उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘ह्या विधेयकावरची तिसरी सही माझी आहे. ती केली तेव्हा मी ह्यातलं एकही पान वाचलं नव्हतं. सही मी नाकारत नाही, ती तशीच राहू द्या. पण माझं मत आता वेगळं आहे आणि तेही माझ्या नावासकट लिहून घ्या.’’ समोरून हसण्याचा असा लोंढा आला की मला वाटलं, आता बसावं. कुणीतरी ओरडलं, ‘‘उरलेली पानं कधी वाचणार?’’ मी म्हटलं, ‘‘वाचली. तुम्ही?’’ तेव्हा जरा शांत झालं.

मग चौकीदाराची यादी वाचली. आणि मग बेकरीवाल्याचं पत्र, सगळं, ‘बंद करा’सकट. आमचेच लोक बुचकळ्यात पडले की हा नेमका कुणाच्या बाजूने बोलतोय. मी म्हटलं, ह्या माणसाला उत्तर देता येईपर्यंत आपल्याला मत द्यायचा अधिकार नाही. विधेयक समितीकडे पाठवा, समितीने प्रत्येक दवाखान्यात जाऊन बसावं, तोवर एकही दार बंद करू नये. बोलताना मध्येच थांबून श्वास सोडला, अगदी तीन नंबरच्या खाटेवर मोठे डॉक्टर सांगायचे तसा.

ठराव चार मतांनी मंजूर झाला. आमच्याकडचे सात जण माझ्याबरोबर आले. त्यातल्या दोघांनी जिन्यात हळूच सांगितलं की त्यांनीही वाचलं नव्हतं.

संध्याकाळी पक्षनेत्यांनी बोलावलं, बसायला सांगितलं नाही. पुढच्या वेळी माझ्या जागी दुसरा उमेदवार असेल. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बरं झालं, माणूस घरी तरी दिसेल.’’ वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू? पण काल गादीवर पडलो आणि सकाळीच जाग आली.

समिती जूनमध्ये येईल. बेकरीवाल्याला मी पत्र लिहिलं आहे. सचिवाने नाही, मी.

तुझा
ढब्बू

•

१४ जून

चि. ढब्बू,

समिती मंगळवारी येऊन गेली. पाच माणसं आणि एक टंकलेखक. त्यांना खुर्च्या द्यायला निघालो तर त्यातल्या बाई म्हणाल्या, नको, आम्ही बाकावरच बसतो. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत बसल्या आणि काय दिसतंय ते बघत राहिल्या. मला एकदम मोठे डॉक्टर आठवले आणि मी आत जाऊन डोळे पुसून आले. निकाल कळायला अजून तीन महिने लागतील. काहीही लागो, निदान बघून तरी लागेल.

बेकरीवालाही आला होता. मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘मी लिहिलंय ते लिहिलंय. पण सभासदांचं पत्र आल्यापासून एक विचार करतोय. इथे डॉक्टर ठेवणार असाल तर चालू ठेवा. नसाल ठेवणार तर लोकांना तसं तोंडावर सांगा.’’ एवढं बोलून निघून गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

काल शुक्रवार. मी ड्रेसिंगला बसले होते. रांग संपली, मी कात्र्या पुसत होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना. दाराशी थांबणारा पेशंट मला ओळखता येतो, म्हणून मीच उठून गेले आणि त्याला आत आणलं. मनगटावर भट्टीचं भाजलं होतं. फार नव्हतं, असलं भाजलेलं तो घरच्या घरी निभावतो. मी धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधायला घेतली. अर्धी पट्टी झाल्यावर त्याने विचारलं, ‘‘त्या दिवशी ती काही बोलली होती का?’’

अकरा वर्षं तो ह्या प्रश्नाभोवती फिरत होता. आणि अकरा वर्षं उत्तर माझ्याकडे पडून होतं. मी कोणत्या तोंडाने त्याच्या दुकानात जाऊन सांगणार होते?

मी सांगितलं, ‘‘बोलत होती की. तुमच्याबद्दलच बोलत होती. शेवटी मला म्हणाली, अगं, ह्यांना निरोप पाठव, दुसरी खेप भट्टीत आहे, माझ्या नादात विसरतील आणि पाव करपतील.’’

 तो म्हणाला, ‘‘करपलेच होते.’’

आणि हसला, ढब्बू. हसता हसता रडायला लागला आणि मलाही आवरेना. डॉक्टरीणबाई आत डोकावल्या आणि दार लोटून गेल्या. अर्धी सुटलेली पट्टी तशीच लोंबत होती. कितीतरी वेळाने मी ती पुन्हा बांधली.

तुझी उमेदवारी गेली ह्याचं मला रोज वाईट वाटतं. पण एक सांग, हे दार बंद झालं असतं तर तो हे विचारायला कुठे गेला असता? जिल्ह्याच्या इस्पितळात, कुठल्या खिडकीवर?

मंगळवारी त्याची पट्टी बदलायची आहे. तो येणार आहे.

तुझी
आत्या